पिस्तूल भरताना: चेंबरमधली गोळी आणि मॅगझीनमधली वरची एक

आमच्या गूळ अडतीच्या मागच्या खोलीत वीसेक वर्षांपूर्वी मी पिस्तूल 'रिकामं' केलं होतं. आधी स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) ओढली, आतली गोळी टेबलावर पडली. मग मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढून बाजूला ठेवलं आणि चाप ओढून घोडा उतरवायला बोट आत घातलं. शेजारी मामा बसले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी मनगट धरलं आणि विचारलं, "कसलं रिकामं? आत बघितलंस काय?" मी स्लाइड पुन्हा ओढली, तर दुसरी गोळी टेबलावर येऊन पडली. पहिली गोळी बाहेर टाकून मागे गेलेल्या स्लाइडनं पुढे येताना मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, नेऊन बसवली होती. मॅगझीन बाहेर काढलेलं होतं, एवढ्यावरून मी पिस्तूल रिकामं समजत होतो.

ही चूक मनात ठेवूनच पुढचं सगळं लिहितो आहे. पिस्तूल भरून, चेंबरात एक गोळी घेऊन, मॅगझीनमध्ये कमी झालेली एक पुन्हा भरायची, याला आपल्याकडे कुणी 'टॉप अप' म्हणतात, कुणी 'प्लस वन'. आठ गोळ्यांचं मॅगझीन असेल तर आठ आणि एक अशा नऊ होतात. कृती दोन मिनिटांची आहे. पण तिच्या मधोमध अशी एक वेळ येते, की पिस्तूल भरलेलं असतं आणि दिसतं मात्र रिकामं. मॅगझीन काढलेलं, मूठ पोकळ, आणि चेंबरात जिवंत काडतूस. आजवर जवळून ऐकलेले अपघात बहुतेक याच वेळचे आहेत.

हा लेख शस्त्र परवाना असलेल्यांसाठी आहे. कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ, पेट्रोल पंपवाले, मार्केट यार्डातले आमच्यासारखे अडते, ज्यांना रोकड घेऊन फिरावं लागतं आणि ज्यांनी रीतसर शस्त्र घेतलं आहे, त्यांना तो उपयोगी पडावा. एकदाही प्रशिक्षकासमोर पिस्तूल हाताळलं नसेल तर लेख वाचून लगेच करायला बसू नका. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. तिच्याकडे परवान्यासाठी लागणारा एक कागद म्हणून पाहू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात

परवाना कुठवर चालतो ते आधी वाचा. काही परवाने महाराष्ट्रापुरते असतात, काही देशभराचे. कोल्हापूरकराला हा फरक रोज लागू होतो, कारण कागल ओलांडून निपाणीच्या बाजूला गेलात की कर्नाटक सुरू. महाराष्ट्रापुरता परवाना असलेला माणूस कमरेला पिस्तूल लावून निपाणीला तंबाखूचे पैसे द्यायला गेला, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगतो आहे असाच अर्थ होतो.

सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये (पट्ट्याला लावायच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असायला हवं, असं नियम सांगतात. दाखवायला बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. लग्नात, मिरवणुकीत किंवा निष्काळजीपणानं गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपला हात घसरून भर बाजारात गोळी सुटली, तर तीही निष्काळजीपणातच धरली जाऊ शकते.

.३२ म्हणजे नेमकी कुठली?

यावर जरा थांबतो, कारण दुकानातही हा घोटाळा होतो. स्वसंरक्षणाच्या नेहमीच्या परवान्यावर ९ मिमी मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या हातात .३२ असतं. पण '.३२' नावाची दोन वेगळी काडतुसं आहेत. इशापूरच्या रायफल फॅक्टरीच्या 'अशनी'सारख्या पिस्तुलात .३२ एसीपी लागतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यांच्या रिव्हॉल्व्हरला, २०१४ साली आलेल्या हलक्या 'निर्भीक'लाही, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागतं. पहिल्याची पुंगळी (गोळी आणि दारू धरणारं धातूचं कवच) १७ मिमी, दुसऱ्याची साधारण २३ मिमी. लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये जाणारच नाही, त्यामुळे तिथे चूक लगेच कळते. उलट मात्र होऊ शकतं. एसीपीचं आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात सरकून बसतं. बसलं म्हणून ते त्याचं होत नाही. एसीपीचा दाब जास्त असतो, ते त्या घरात सैल राहतं आणि पुंगळी फुगू शकते, फाटूही शकते.

म्हणून घरात दोन्ही शस्त्रं असतील तर काडतुसं मूळ खोक्यातच ठेवा. स्टीलच्या डब्यात सगळी एकत्र ओतू नका. आपल्याकडची बरीचशी काडतुसं पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यातून येतात. तो आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा भाग आहे. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ही रोमन अक्षरं आणि सालाचा आकडा असतो. खोकं उघडलं की एकदा ते साल वहीत लिहून ठेवा.

जागा आणि दिशा

सुरक्षित दिशा हे शब्द सगळे बोलतात, पण आपल्या घरात ती दिशा कुठे आहे हे फार कमी जणांनी बघून ठेवलेलं असतं. चार इंची विटांच्या पार्टिशनवर भरवसा ठेवू नका, पलीकडे मुलांची खोली असते. स्लॅबवर आपटलेली गोळी उसळून कुठेही जाते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत माडीवर लाकडी तक्तपोशी असते. तिथे 'खाली धरलं आहे' म्हणजे खालच्या स्वयंपाकघराकडे धरलं आहे.

मी वापरतो ती सोय साधी आहे. गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, वरचं तोंड पूर्ण कापायचं, कडा आत वळवून ठोकायच्या आणि चाळलेली कोरडी वाळू काठोकाठ भरायची. फूटभर खोल वाळू .३२ ची गोळी गिळून टाकते. डबा जमिनीवर, खोलीच्या त्या कोपऱ्यात ठेवायचा जिथे मागे बाहेरची जाड भिंत आहे. पिस्तूल हातात असेल तोवर नळीचं तोंड डब्यातल्या वाळूकडे. वाळूला टेकवायचं नाही, वीतभर वर धरायचं. टेकवलं तर नळीत वाळू जाते आणि तो वेगळाच धोका. महिन्या-दोन महिन्यांनी वाळू उलथून बघावी, पावसाळ्यात ती दमट होऊन घट्ट बसते.

वेळही ठरवा. मी सकाळी दुकानात निघण्याआधी, अंघोळ आटोपून, दार आतून लावून बसतो. फोन दुसऱ्या खोलीत. घरातल्यांना माहीत आहे की दार बंद असताना हाक मारायची नाही. मारली तर मी उत्तर देत नाही. रात्री दमून आल्यावर किंवा घोटभर घेतलेली असताना पिस्तुलाला हातच लावायचा नाही, मग ते भरायचं असो की रिकामं करायचं.

मोजून मांडा

टेबलावर फिकट रंगाचं सुती कापड अंथरा. आधी पिस्तूल खरंच रिकामं आहे याची खात्री करा. मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरात डोळ्यांनी बघा, मग करंगळीचं टोक घालून चाचपा. डोळ्याला सवयीनं रिकामंच दिसतं, करंगळीला तसं होत नाही.

आता कापडावर नेमकी तेवढीच काडतुसं मांडा जेवढी शेवटी पिस्तुलात असायला हवीत. मॅगझीन आठचं असेल आणि चेंबरात एक हवी असेल तर नऊ. खोकं कपाटात परत. काम संपल्यावर कापड मोकळं दिसलं पाहिजे. एक गोळी उरली तर कुठेतरी पायरी चुकली आहे. मामांनी शिकवलेली ही युक्ती मी कधी सोडलेली नाही.

प्रत्येक काडतूस बोटांत फिरवून बघा. हिरवट डाग, चेमटलेली पुंगळी, आत दबलेली किंवा हलणारी गोळी, बुडातली टोपी (आपटल्यावर दारू पेटवणारी) वर आलेली, असं काही दिसलं तर ते बाजूला.

मॅगझीन भरताना एसीपी काडतुसाची एक खोड लक्षात ठेवा. त्याच्या बुडाची कडा पुंगळीपेक्षा किंचित बाहेर आलेली असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे राहिली तर दोन्ही काडतुसं एकमेकांत अडकतात, स्लाइड पुढे येते आणि गोळी वर चढत नाही. म्हणून प्रत्येक काडतूस वरून दाबत मागे सरकवताना कडा पुढे आहे ना ते बघायचं. शेवटी मॅगझीनची मागची बाजू तळहातावर हलकेच दोनदा आपटायची, गोळ्या रांगेत बसतात.

आता भरायचं

पिस्तूल उजव्या हातात, नळी वाळूकडे, तर्जनी ट्रिगरच्या बाहेर, फ्रेमला (पिस्तुलाच्या सांगाड्याला) चिकटून सरळ. हे बोट काम संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. बोट नुसतं बाहेर असून भागत नाही. ते ट्रिगरच्या कड्याच्या वर, फ्रेमवर असावं. दचकलं की मूठ आपोआप आवळते आणि कड्यावर टेकलेलं बोट आत जातं.

मॅगझीन तळहातानं खट्कन आवाज येईतो वर ढकला, मग खाली ओढून बघा. निसटायला नको.

डाव्या हातानं स्लाइडची मागची बाजू वरून घट्ट पकडा, हात नळीच्या तोंडापुढे जाऊ न देता पूर्ण मागे ओढा आणि सोडून द्या. हळूहळू हातानं पुढे आणून बसवू नका. स्प्रिंगच्या जोरानंच ती पुढे जायला हवी, नाहीतर काडतूस अर्धवट बसतं. घाबरून स्लाइडबरोबर हात पुढे नेणारे पुष्कळ असतात. आवाज मोठा होतो म्हणून तसं होतं.

काही जण वेळ वाचवायला सुटं काडतूस थेट चेंबरात टाकून वरून स्लाइड सोडतात. ते करू नका. पुष्कळशा पिस्तुलांची रचना अशी असते, की मॅगझीनमधून वर येताना काडतुसाची कडा एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर खेचणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली सरकून बसते. सुट्या काडतुसावर तो आकडा उडी मारून चढवावा लागतो. आज चढेल, उद्या चढेल, आणि एखाद्या दिवशी त्याचा कोपरा तुटेल. मग झाडलेली पुंगळी बाहेर पडणार नाही.

स्लाइड पूर्ण पुढे गेली का ते मागच्या कडेवरून बघा. सेफ्टी कॅच असेल तर लावा.

इथून पुढे पिस्तूल जिवंत आहे. एवढं वाक्य तोंडानं म्हणा, मी आजही म्हणतो: "भरलंय."

वरची एक

आता मॅगझीनमध्ये एक जागा रिकामी झाली आहे आणि कापडावर एक गोळी उरली आहे. बहुतेक लोक इथे उजव्या हातात पिस्तूल तसंच धरून डाव्या हातानं मॅगझीन काढतात, मग गोळी भरायला दोन्ही हात लागतात म्हणून पिस्तूल मांडीवर, काखेत किंवा टेबलावर भलत्या दिशेला ठेवतात. असं कधीच करू नका.

आधी पिस्तूल होल्स्टरमध्ये घाला. होल्स्टर पट्ट्याला लावलेलं असेल तर सावकाश, खाली बघत, शर्टाचा पदर किंवा जाकिटाची दोरी आत जात नाही ना हे बघत. अडलं तर दाबू नका, बाहेर काढून कारण शोधा. पूर्ण बसल्यावर ट्रिगर झाकला गेला, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले. मग होल्स्टरमधल्या पिस्तुलाचा खटका दाबून मॅगझीन काढा, उरलेली गोळी भरा, मॅगझीन पुन्हा तळहातावर आपटा आणि आत ढकला.

काही पिस्तुलांत मॅगझीनचा खटका मुठीच्या बुडाशी मागे असतो, तिथे कमरेवर हे काम अवघड जातं. अशा वेळी पिस्तुलासकट होल्स्टर पट्ट्यावरून काढून नळी वाळूच्या डब्याकडे करून टेबलावर ठेवा आणि मग मॅगझीन काढा. दुसरं मॅगझीन असेल तर त्याहून सोपं. एका मॅगझीनमध्ये एकच गोळी भरून ती चेंबरात घ्यायची, होल्स्टरमध्ये ठेवायचं, रिकामं मॅगझीन काढून आधीच पूर्ण भरलेलं दुसरं घालायचं. गोळी भरण्याचं काम जिवंत पिस्तूल शेजारी असताना करावंच लागत नाही. मला हीच रीत सगळ्यांत आवडते.

शेवटच्या ढकलण्याकडे नीट लक्ष द्या. पूर्ण भरलेलं मॅगझीन बंद स्लाइडखाली घालताना सगळ्यात वरची गोळी स्लाइडला खालून टेकते आणि स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही. त्यामुळे नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. अर्धवट बसलेलं मॅगझीन हाताला बसल्यासारखंच लागतं आणि पहिल्या गोळीनंतर खाली सुटतं. ढकला, ओढून बघा, पुन्हा ढकला. जोर लावूनही बसत नसेल तर ते मॅगझीन एक कमी भरूनच वापरायचं. आठऐवजी सात आणि चेंबरातली एक, विषय संपला.

काही पिस्तुलांत मॅगझीन काढल्यावर ट्रिगर चालत नाही अशी सोय असते. तुमच्यात ती असली तरी तिच्या भरवशावर काहीही करू नका. तुमच्या भावाच्या पिस्तुलात ती नसेल आणि सवय तुमच्या हाताला लागलेली असेल.

चेंबर भरून न्यायचंच का?

खरं सांगायचं तर मला भेटलेल्या दहांतल्या आठ परवानाधारकांनी चेंबर रिकामं ठेवावं, असं माझं मत आहे. वर्षातून एकदाही नेमबाजीच्या रेंजवर न जाणारा माणूस, परवाना नूतनीकरणाला तेवढं पिस्तूल पुसणारा, त्याला त्या एका जादा गोळीनं काय मिळणार? मिळतो तो रोजचा धोका. चेंबर रिकामं ठेवून भरलेलं मॅगझीन लावलेलं पिस्तूल हातातून निसटलं, मुलाच्या हाती लागलं, तरी मध्ये स्लाइड ओढण्याची एक पायरी उरते. जुन्या पिस्तुलांत, ज्यांच्यात पडल्यावर टोपीवर आपटणारी पिन अडवणारी रचना नाही, तिथे तर हीच रीत धरावी.

ज्यांचा सराव पक्का आहे, होल्स्टर कडक आहे आणि जे पिस्तूल भरल्यावर दिवसभर त्याला हात लावत नाहीत, त्यांनी चेंबर भरावं. पण घोडा बाहेर असलेल्या पिस्तुलात भरलेल्या चेंबरवर अंगठ्यानं घोडा सोडत खाली आणायचा प्रकार टाळा. घामेजलेल्या अंगठ्यावरून तो निसटतो. घोडा सुरक्षित उतरवणारा खटका पिस्तुलात असेल तर तोच वापरा, नसेल तर पिस्तुलाच्या पुस्तिकेत जशी रीत दिली आहे तशीच.

होल्स्टर आणि आपलं कातडं

कोल्हापुरात कातड्याचं काम करणारे हात कमी नाहीत, त्यामुळे चप्पल लाइनला ओळखीच्याकडून होल्स्टर शिवून घेण्याचा मोह होतो. मीही घेतलं होतं, सुंदर झालं होतं. पण मऊ कातड्याचं होल्स्टर वर्षभरात तोंडाशी कोलमडतं आणि त्याची दुमडलेली घडी पिस्तूल आत घालताना ट्रिगरच्या कड्यात शिरते. शिवून घ्यायचंच तर तोंडाशी दुहेरी कडक पट्टी आणि ट्रिगरवर जाड कातडं मागा. पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहिलं पाहिजे.

दुसरं असं, की आपलं चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं. त्यातल्या आम्लानं पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. पायाला ते उत्तम, पण काडतुसं महिनोन्महिने कातडी पट्ट्यात खोचून ठेवायला अजिबात नाही. रात्री काडतुसं त्यातून बाहेर.

होल्स्टरशिवाय कमरेला खोचणं, कुर्त्याच्या खिशात, गाडीच्या डिकीत, सीटखाली ठेवणं, यातलं एकही चालणार नाही. अंबाबाईच्या दर्शनाला जायचं असेल, कोर्टात तारीख असेल, तर त्या दिवशी पिस्तूल घरीच कुलपात. देवळाच्या दारात जाऊन गाडीत बसल्या बसल्या पिस्तूल काढून ठेवायची वेळ येऊ देऊ नका. दिवसाचा बेत सकाळीच डोळ्यांसमोर आणायचा.

रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी

तुमचं काम सोपं आहे. सहा घरं दिसतात, सहा मोजता येतात, जादा एकीचा प्रश्नच नाही. भरताना ट्रिगरबाहेर बोट आणि वाळूकडे नळी हे तसंच. घरं भरून झाली की दोन्ही हातांनी सावकाश बंद करा. सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्यानं बंद केलं तर सांधा सैल होतो आणि घर नळीसमोर नेमकं येत नाही.

जुन्या घडणीच्या, घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरा. रिकामं घर बंद स्थितीत बरोबर घोड्याखाली आलं पाहिजे, शेजारी नाही. बंद करण्याआधी आणि केल्यावर दोनदा बघा.

तीच ती गोळी

परवान्यावर किती काडतुसं घ्यायची ते लिहिलेलं असतं आणि ती थोडीच मिळतात. त्यामुळे आपल्याकडे एक सवय दिसते: रोज सकाळी तीच गोळी चेंबरात, रोज रात्री बाहेर, सकाळी पुन्हा मॅगझीनमध्ये सगळ्यांत वर. प्रत्येक वेळी चेंबरात शिरताना गोळीचं टोक चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उताराला धडकतं आणि गोळी पुंगळीत केसभर मागे दबते. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब वाढतो.

म्हणून चेंबरात जाऊन आलेल्या काडतुसाच्या बुडाच्या कडेला मार्करनं एक बारीक ठिपका द्या. प्रत्येक वेळी एक. काचेच्या तुकड्यावर नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची बघा. किंचितही बुटकं दिसलं तर ते बाद. उंची तीच असली तरी तीन ठिपके झाले की मी ते सरावासाठी वेगळं काढतो. दुसरा उपाय आणखी चांगला: पिस्तूल रोज भरायचं-काढायचंच नाही. एकदा भरलं की होल्स्टरसकट कुलूपबंद लोखंडी पेटीत, किल्ली माझ्याकडेच, आणि सकाळी होल्स्टरसकटच पट्ट्याला. ज्या घरात लहान मुलं आहेत, किंवा दोन-चार दिवस पिस्तूल न्यायचंच नाही, तिथे रिकामं करून काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करायला सांगितलं तर घरूनच रिकामं करून जा. ठाण्याच्या टेबलावर, चार माणसांत ते काम करायचं नाही.

रिकामं करताना

क्रम एकच आहे आणि तो उलटा झाला तर काय होतं ते सुरुवातीलाच सांगितलं. आधी मॅगझीन काढून लांब ठेवायचं. मग स्लाइड ओढून चेंबरातली गोळी बाहेर पाडायची. ती हवेत झेलायचा किंवा स्लाइडवर तळहात झाकून हातात पकडायचा शौक करू नका. झाकलेल्या हातात काडतूस आडवं होऊन त्याची टोपी आतल्या टोकावर आपटली तर ते तिथेच फुटू शकतं. पडू दे कापडावर. आणखी दोनदा स्लाइड ओढा, अडकवा, डोळ्यांनी बघा, करंगळीनं चाचपा. कापडावरची काडतुसं आणि मॅगझीनमधली मिळून सकाळची बेरीज जुळायला हवी. नऊ भरल्या होत्या तर नऊ.

हे सगळं आधी खोट्या काडतुसांवर शंभर वेळा करा. प्लॅस्टिकची किंवा अॅल्युमिनियमची सरावाची काडतुसं मिळतात. ती वापरताना खरी काडतुसं त्या खोलीत नकोत. खऱ्या काडतुसातली दारू काढून घरी नकली बनवायचा उद्योग कुणी सुचवला तर तिथून उठा.

शिकायला कोल्हापूर चांगलं गाव आहे. दुधाळीच्या रेंजवर आपल्या मुलामुलींनी पिस्तूल-रायफल धरायला शिकलं आहे. याच गावच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. त्या प्रकारात नेमबाज पाच-पाच गोळ्यांच्या मालिका झाडतात आणि 'लोड'चा हुकूम येईपर्यंत मॅगझीन आत घालत नाहीत. नेम धरायचा नसेल तेव्हा चेंबरात रंगीत फीत घातलेली असते, लांबूनही दिसते. जगात नाव काढलेल्या मुली हुकमाशिवाय पिस्तूल भरत नाहीत. आपल्या घरी हुकूम द्यायला कुणी नसतं, म्हणून मी तो स्वतःला मोठ्यानं देतो.

पावसाळा आणि बाद काडतुसं

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा कोरडी होतच नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, दर आठवड्याला मॅगझीन रिकामं करून आत गंज बघा, पिस्तुलाला तेलाचा हात फिरवा. पण काडतुसांना तेल लावू नका. टोपीतून ते आत झिरपलं तर गोळी ऐन वेळी दगा देते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या कपाटात पाणी शिरलं, त्यांच्यातल्या काहींनी भिजलेली काडतुसं उन्हात वाळवून पुन्हा खोक्यात भरल्याचं मी पाहिलं आहे. बाहेरून ती अगदी नवी दिसतात. त्यांचा भरवसा धरू नका.

अशी भिजलेली, बुटकी झालेली, हिरवट पडलेली काडतुसं कचऱ्यात किंवा पंचगंगेत टाकायची नसतात. वेगळ्या डबीत ठेवा, वर 'बाद' लिहा, किती आहेत ते वहीत लिहा, आणि परवाना घेऊन शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जाऊन ती कशी जमा करायची ते विचारा. जमा केल्याची पोच घ्या आणि ती परवान्याच्या पुस्तिकेतच टाचून ठेवा.